होडीचं दावं

भादव्यात भात निसवायला लागलं की कर्जतमधल्या माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीतही त्याचा वास येतो. खरं तर येत नसावा. खाली रिक्षांचा स्टँड आहे, वडे तळणाऱ्याची कढई आहे, आणि शेत म्हणावं असं काही इथून हाकेच्या अंतरावर उरलेलं नाही. तरी येतो. कोवळ्या दाण्यातल्या दुधाचा, ओल्या बांधाचा, त्यात थोडा चिखल मिसळलेला. या वासानं कुणाला भूक लागत असेल, कुणाला माहेर आठवत असेल. मला अपराधी वाटतं. इतकी वर्षं झाली, पण लोंब्या बाहेर पडल्या की ते वाटणंही बाहेर पडतं.

यंदा ते जरा लवकरच आलं. आमच्या गावचा पूल खचला म्हणून बंद केला आणि पंचायतीनं माणसांच्या ये-जा करण्यासाठी कुठून तरी एक निळी फायबरची होडी आणली. दादाचा फोन आला, “सुमे, होडी आलीय गं परत.” एवढंच बोलला. मीही “हो का?” म्हटलं. मग त्यानं पावसाची चौकशी केली. कर्जत आणि आमचं गाव यांत असं अंतर ते किती, जो पाऊस त्याच्या कौलांवर पडत होता तोच माझ्या खिडकीवर पडत होता. तरी मी त्याला इकडे कसा पाऊस आहे ते सविस्तर सांगितलं.

गाव कडावच्या अलीकडे, पेज नदीच्या या काठाला. शाळा, डेअरी, एसटीचा थांबा आणि त्या काळी गावाला मिळून एकच फोन असलेलं दुकान, सगळं पलीकडच्या काठाला. मधे एक बुटका साकव होता, तो दादाचं लग्न झालं त्या वर्षी आषाढात वाहून गेला. मग गावानं पेणकडून एक जुनी लाकडी होडी आणली. ती टेंपोत पालथी पडून आली, आणि नवी नवरी बघायला यावं तसं सगळं गाव तिला बघायला आलं. आमच्या घरात खरीखुरी नवी नवरी होतीच. वैशाखात दादाचं लग्न झालं होतं. वहिनी रेवदंड्याकडची, तिचे वडील खाडीवर माणसं उतरवायची होडी चालवायचे. ती पदर सावरून ओसरीतूनच होडीकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर मला त्या लग्नानंतर पहिल्यांदाच ओळखीचं माणूस भेटल्यासारखं हसू दिसलं.

आम्ही भाताची माणसं. पाणी आम्हाला ठाऊक ते घोट्याएवढं, फार तर गुडघ्याएवढं. बांध घालून अडवायचं, फोडून सोडायचं. तरंगणारी वस्तू गावात कुणी राखली नव्हती. होडीला कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि पहिल्याच फेरीत दादानं दुधाच्या कॅनांसकट तिला नदीच्या मधोमध गरागरा फिरवली. काठावरची पोरं हसून लोळली. आठवड्याभरात मात्र त्याला बांबू रेटायची लय सापडली. सकाळी धुकं अंगाशी असताना कॅनांचा खणखणाट करत होडी निघायची, तिच्या पाठीमागे पाण्यावर एक लांबलचक घडी पडायची, आणि मी कॉलेजची वही छातीशी धरून त्या घडीकडे बघत बसायची. इतकी सुंदर सकाळ त्यानंतर मला क्वचित मिळाली आहे. आठवणीतला हा भाग मी नेहमी थोडा लांबवते. पुढे काय आहे ते माहीत असतं ना.

होडी राखायची पाळी घरोघर फिरायची. ज्याच्या दाराशी पाळीची काठी टेकवलेली असेल, त्या घरानं संध्याकाळपासून होडीजवळ बसायचं. कारण नदी संध्याकाळी चढायची. वर डोंगराच्या पायथ्याला वीजघर आहे, तिथलं पाणी सुटलं की भर उन्हाळ्यातही पेज वाढते आणि सकाळी पुन्हा उतरते. आमच्याकडच्या बायकांना धुणं कुठल्या दगडावर ठेवलं की वाहून जात नाही हे तोंडपाठ असतं. त्यामुळे नदीचं सगळं आपल्याला कळतं अशी गावाची समजूत होती. ती धुण्यापुरती बरोबर होती.

होडी बांधायचं काम बाबांकडे आपोआप आलं, कारण गावात जनावर बांधावं तर त्यांनीच. त्यांनी काठाच्या मातीत एक जाड खुंटा ठोकला आणि गोठ्यातलं दावं आणून होडी त्याला आखूड बांधली. अगदी बैलासारखी. जनावराला लांब दावं दिलं तर ते पायात गुंतवून घेतं, रात्री धडपडतं, शेजारच्याला शिंगं मारतं. आखूड दावं म्हणजे शहाणं जनावर, हे त्यांच्या हाताला माहीत होतं.

वहिनीनं ते दुसऱ्याच दिवशी पाहिलं आणि घरी येऊन सांगितलं, की पाणी चढल्यावर होडीला वर यायला जागा नको का? दोर लांब हवा. आणि काठाला नुसता खुंटा चालणार नाही, पाण्यात नांगर टाकायला हवा, लोखंडी, तळाच्या मातीत रुतेल असा. लांब दोर तिरपा पडला की नांगर रुततो, आखूड दोर सरळ वर ओढतो आणि त्याला उपटतो. एवढं बोलायला तिला किती धीर लागला असेल हे मला आज कळतं. ओसरीवर पाच-सहा पुरुष बसले होते. बाबा रागावले नाहीत, उलट मायेनं हसले. म्हणाले, “आगं सूनबाय, होडी काय रातच्याला चरायला जातेय काय, लांब दावं द्यायला?” ओसरी हसली. दादा हसला. मीही हसले, चांगली खळखळून. वहिनी आत गेली आणि भाकऱ्या थापायला लागली. त्या दिवशीच्या भाकऱ्या जरा जाड झाल्या होत्या. त्यावरूनही आम्ही तिला चिडवलं.

श्रावण संपता संपता तिच्या वडिलांच्या आजारपणाचा निरोप आला. दुकानदार पलीकडच्या काठावरून ओरडून निरोप सांगायचा. तिला जायचं होतं. आई वाईट नव्हती, पण गौरी तोंडावर आल्या होत्या आणि सुनेचा पहिला ओवसा होता. नवी सून सुपं भरून गौरीपुढे ओवसते, मग ती घरची झाली असं आमच्याकडे मानतात. आई म्हणाली, एवढा ओवसा होऊ दे, गौर बोळवली की दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या फेरीला जा, मी अडवणार नाही. वहिनीनं मान हलवली. तिनं त्याच दिवशी पिशवी भरून ठेवली आणि खुंटीला टांगली. येता-जाता तिची नजर त्या पिशवीकडे जायची.

ओवसा छान झाला. तेरड्याच्या गौरीला तिनं नेसवलेल्या साडीची आठवण अजून गावात काढतात. गौर बोळवायला आम्ही सगळ्या बायका नदीवर गेलो, होडीच्या जवळूनच. त्या दिवशी पावसानं उघडीप दिली होती. पिवळं ऊन भातावर पडलेलं, लोंब्या नुकत्या बाहेर आलेल्या, आणि त्या वासानं सगळा बांध भरून गेलेला. तो वास म्हणजे हाच.

संध्याकाळी पाळीची काठी आमच्या दाराशी होती. दादा होडीपाशी बसला होता. आई घावनं घालत होती, आणि घावनं गरमच खायची असतात. तिनं मला म्हटलं, जा, त्याला बोलव, घावनं गार होतायत. मी नदीच्या वळणावर गेले आणि हाक मारली. तो म्हणाला, पाणी चढायच्या वेळेला उठू कसा? मी म्हटलं, दोन घास खाऊन ये, होडी काय पळून जातेय? तो आला. दोन घासांची चार घावनं झाली. आम्ही हसत होतो, वहिनीला उद्याच्या प्रवासाबद्दल काहीबाही सांगत होतो. वर डोंगरात तेव्हा पाऊस कोसळत होता आणि वीजघराचं पाणीही सुटलं होतं. ते आम्हाला नदीच्या आवाजानं कळलं.

दादा धावत गेला. मी त्याच्या मागे. अजून अंधार पडला नव्हता, सगळं दिसत होतं. खुंट्याच्या जागी पाण्यानं भरलेलं एक भोक होतं. होडी वर यायला बघत असणार, दावं तिला येऊ देत नसणार, शेवटी ओल्या मातीतून खुंटा उपटून घेऊन ती गेली. खालच्या अंगाला बांबूच्या बेटात ती नंतर सापडली, कूस फुटलेली, दावं अजून गळ्यात.

सकाळी नदी दुथडी भरलेली. कडावकडचा रस्ताही पाण्याखाली. वहिनी पिशवी घेऊन काठावर उभी होती. जायचं नाही हे तिला दिसत होतं, तरी चांगली साडी नेसून उभी होती. थोड्या वेळानं पलीकडे दुकानदार आला. त्यानं तोंडाभोवती हात धरून काही ओरडून पाहिलं. पाण्याच्या आवाजात एक अक्षर पोचेना. मग तो थांबला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि ती हातात धरून नुसता उभा राहिला.

वहिनी खाली बसली. पिशवी मात्र तिनं चिखलात टेकवली नाही, मांडीवर घेतली.

पाणी उतरायला लागलं तरी होडी नव्हती, म्हणून कडावचा रस्ता उघडल्यावरच दादा तिला खालापूर, पेण असं करत घेऊन गेला. तोवर सगळं आटोपलं होतं. बापाचं तोंड तिला दिसलं नाही.

ती तिथलं कार्य उरकून परत आली तेव्हा तिच्या हातात एक जड गोणपाट होतं. ते तिनं अंगणात ठेवलं आणि उलगडलं. आत तिच्या वडिलांच्या होडीचा नांगर होता, गंजलेला, चार नख्यांचा. तिनं विचारलं, होडी दुरुस्त झाली का? बाबा त्या नांगराकडे बघत राहिले. तिनं आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही, कुणाला बोल लावला नाही. आम्हा चौघांनाही त्या क्षणी जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

होडी सांधून झाल्यावर तिनंच सगळं शिकवलं. नांगर प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायचा आणि पाणी जितकं खोल त्याच्या कितीतरी पट दोर सोडायचा. काठावर एक उंबर होता आणि त्याच्या मागे गावातल्या मारुतीच्या देवळाचा कळस. होडीत बसून बघितलं की उंबराचं खोड आणि कळस एका रेषेत यायला हवेत. ती रेष तुटली की समजायचं, नांगर सरकतोय. डोळ्यांवर भरवसा नसेल तर दोरावर हात ठेवायचा. दोर शांत असेल तर नांगर धरून आहे, थरथरला तर तळावरून घासतोय. पुरुष माना खाली घालून ऐकत होते. यावेळी ओसरीवर कुणी हसलं नाही.

पुढच्या वर्षी पूल झाला आणि होडीचं काम संपलं. आमचं मात्र संपलं नाही. आमच्या घरात त्या एका संध्याकाळचे चार मालक होते आणि कुणी आपला हिस्सा सोडायला तयार नव्हतं. आई म्हणायची, मीच ओवशासाठी थांबवली पोरीला. त्यानंतर वहिनीच्या माहेरून साधा सर्दीचा निरोप आला तरी आई स्वतः तिची पिशवी भरून दारात उभी राहायची. एकदा तर ऐन लावणीत तिला असं पाठवून दिलं, आणि तिकडे गेल्यावर कळलं की भावाला नुसत्या शिंका येत होत्या. दादानं त्यानंतर जेवणाची वेळ अशी कधी पाळलीच नाही, हातातलं काम सोडून उठायला तो आजही तयार नसतो. आणि बाबा. बाबा कधी एका शब्दानं काही बोलले नाहीत. पण त्या वर्षापासून ते गोठ्यात जनावरांना लांब दावं द्यायला लागले. रोज सकाळी गाय पाय गुंतवून आडवी पडलेली असायची, आई त्यांच्यावर खेकसायची, आणि ते गुमान गुंता सोडवत बसायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा लांबच. ते गेले तेव्हाही गोठ्यातली दावी तशीच लांब होती. वहिनीनं ती नंतर एकेक करून आखूड केली, मी पाहिलं आहे.

आणि मी हाक मारली होती. माझा हिस्सा लहान आहे असं मी स्वतःला सांगत आले. हसण्याचाही धरला तर तितका लहान राहत नाही.

यंदा गौरीला गावी गेले तर वहिनी घरात नव्हती. आई म्हणाली, असेल नदीवर, दुसरीकडं कुठं जातेय ती. आईला आता डोळ्यांनी कमी दिसतं, घावनं मात्र ती अजून कुणाला घालू देत नाही. काठीची पाळी हल्ली कुणी मानत नाही. पंचायतीनं नेमलेला माणूस पाच वाजता घरी जातो. त्यानंतर रोज संध्याकाळी वहिनी आपणहून जाऊन बसते, असं दादानं सांगितलं. सांगताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

ती उंबराखालच्या दगडावर बसली होती. केस पिकलेत तिचे, चष्मा लागलाय. निळी होडी पाण्यावर सुस्त डुलत होती, आणि तिला लावलेला नांगर तोच होता, चार नख्यांचा, इतक्या वर्षांनी माळ्यावरून काढून घासलेला. दोराचं एक टोक वहिनीच्या तळहाताखाली होतं. मी शेजारी बसले. वारा भातावरून येत होता. आणि तो वास. मला वाटलं आता बोलले नाही तर कधीच बोलायची नाही. म्हटलं, “वहिनी, त्या दिवशी मी दादाला हाक मारली नसती तर तू वेळेत पोचली असतीस.”

तिनं दोरावरचा हात काढला नाही. म्हणाली, “तुमी सगळीच कशाला वाटून घेता गं ते? मामंजी त्येच घेऊन गेले. सासूबाय त्येच धरून बसल्यात. माजं कुनी विचारलंच नाय.”

मला वाटलं ती तिच्या दुःखाबद्दल बोलतेय. मी मान हलवली.

“तसं नाय,” ती म्हणाली. “गौर बोळवायला आलो ना आपन, तवा मी पाह्यली होती दोरी. आखूडच होती. आन पान्याचा रंग पन बदललेला, वरनं सुकला पाला वाहात येत होता. मला कळलं, आज पानी जोरात येनार. माज्या बापानं मला चालायच्या आधी ते शिकवलंय. आन मी बोलले नाय.”

“का?” मी विचारलं. विचारायला नको होतं. का ते मला माहीत होतं.

“राग होता. सगळी हसली होती ना मला. म्हनलं, जाऊ दे यांची होडी. जाऊ दे, मंग कळंल. सकाळी मलाच त्या होडीतनं जायचंय, येवढं पन डोक्यात आलं नाय बग. रागात मानसाला आपलं सोताचं पन दिसत नाय.” तिनं चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला. “बा माजा वाट बगत असंल आन मी दोरी बगून गप बसले. तुमच्यावर काय रागवू मी?”

म्हणजे तो नांगर आम्हाला दोष द्यायला आणलेला नव्हता. इतकी वर्षं आम्ही चौघं तिच्यापुढे खालमानेनं वावरलो, आणि आमच्या त्या वावरण्यात, सारख्या माफी मागणाऱ्या चेहऱ्यांत, तिला तिचं सांगायला कधी जागाच मिळाली नाही. पहिल्यांदा आम्ही तिला हसून गप्प केलं आणि मग अपराधी चेहरे करून. मला रडू आलं. तिला आलं नाही. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, दुसरा हात दोरावरच होता.

समोर पाण्यावर पिवळा उजेड होता. वरून एक सुकं पान आलं, मग दोन, मग पाल्याचा एक झुबका. वहिनीनं ते पाहिलं आणि उठली. मला वाटलं ती दोर सोडणार. तिनं दोराचं टोक माझ्या हातात दिलं.

“धर. थरथरतोय का बग. पानी चढलं की हळूहळू सोडायचा. उंबर आन कळस, ध्यानात हाय ना?” मी हो म्हटलं. “मंग बस तू. मी दोन घास खाऊन येते. सकाळधरनं पोटात काय नाय.”

ती गेली. त्या काठावरून उठून पाणी चढायच्या वेळेला ती पहिल्यांदाच जेवायला गेली, हे मला नंतर दादानं सांगितलं. तेव्हा मला फक्त दोर कळत होता. ओला, खरबरीत, आत कुठेतरी जिवंत. मी होडीत चढून कडेला बसले, खोड आणि कळस जुळवले, आणि पाणी दगडावर एक बोट वर आलं तसा दोर हातभर सोडला. नांगरानं धरलं होतं.

वळणावरून दादाची हाक आली. “सुमे, चल गं, आईनं घावनं केलीत. गार होतायत.”

मी ओरडून सांगितलं, होऊ देत. आणि आणखी हातभर दोर सोडला.